‘बरे झाले’ म्हणण्याआधी

घरातले माणूस गेले, धंदा बसला, शेत विकावे लागले, दुखण्याने हातपाय धरले, की समाचाराला येणारी मंडळी एक वाक्य हमखास बोलतात. ‘देवाच्या मनात काही चांगलेच असेल. बरे झाले म्हणायचे आणि पुढे चालायचे.’ आपण वारकरी असलो तर त्याला दाखलाही लगेच जोडतो. तुकोबारायांचे दिवाळे निघाले, दुष्काळाने घर धुऊन नेले, बायको गेली, तरी महाराजांनी देवाला ‘बरे झाले’ असेच सांगितले. मग तुम्ही का खचता?

दाखला खोटा नाही. त्या अर्थाचा महाराजांचा अभंग गाथ्यात आहे आणि प्रत्येक कीर्तनकाराला तो पाठ आहे. पण पंचेचाळीस वर्षे कीर्तनाची आणि प्रवचनाची सेवा करताना दहाव्याच्या ओट्यावर, तेराव्याच्या मांडवात मी पुष्कळ माणसे समोर बसलेली पाहिली. हे वाक्य कानी पडले की ऐकणाऱ्याची मान खाली जाते. त्याला धीर येत नाही. आपले दुःख देवाला आवडले नाही की काय, असे त्याला वाटू लागते. ज्या अभंगाने महाराजांचे ओझे उतरले, त्याच अभंगाचे ओझे आपण दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो, हे कशाने होते? माझ्या अल्पमतीला वाटते ते असे, की आपण अभंग घेतला आणि त्याच्या आधीचा काळ सोडला. म्हणून आज थोडा इतिहास पाहू. महाराजांच्या आयुष्यात काय कोसळले आणि कोसळल्यावर त्यांनी कोणत्या क्रमाने काय केले, एवढाच विषय आहे.

महाराजांचे घर काही दरिद्री नव्हते. देहूच्या बाजारपेठेची महाजनकी त्या घराकडे होती. शेती होती, दुकान होते, सावकारी होती. पूर्वज विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी चालत आलेली, गावात विठ्ठलाचे देऊळही त्यांनीच उभारलेले. वडील बोल्होबा, आई कनकाई. तीन भावांत थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. महाराजांचा जन्म बहुतेक अभ्यासक १६०८ चा मानतात. सतरा-अठराव्या वर्षी आईवडिलांचे छत्र गेले. थोरल्या भावजयीचा अंत झाला आणि सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. मधला भाऊ कर्ता झाला. इथपर्यंत पुष्कळ घरांत घडते तसेच घडले.

मग १६३० चा पाऊस गेला. पाठोपाठचे वर्षही तसेच गेले. हा दुष्काळ एका गावाचा नव्हता. दख्खन आणि गुजरात दोन्ही त्यात होरपळले. शहाजहान बादशहा त्या सुमारास निजामशाहीवरच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने आपल्या ‘पादशाहनामा’त या दुष्काळाचे भयंकर वर्णन लिहून ठेवले आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्याच वेळी सुरतेहून आग्र्याला चालला होता. त्याने वाटेवरच्या गावांतली प्रेते पाहिली आणि आपल्या रोजनिशीत टिपली. इकडे पुण्याच्या मुलुखात आकाशाबरोबर माणसेही उलटली होती. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून बेचिराख केले ते याच काळात. शिवछत्रपतींचा जन्म शिवनेरीवर झाला, त्याच साली देहूच्या पेठेत धान्याचे माप रिकामे झाले.

सावकाराचे घर अशा दुष्काळात कसे बुडते, हे नव्या वाचकांना सांगायला हवे. कुळाकडे दाणा नाही, तर कर्ज कुठून फेडणार? घेणे कागदावर राहते आणि देणे दारात उभे राहते. दुकानात माल भरायला पैसा नाही, गुरे वैरणीवाचून मेली, पत गेली. पेठेत ज्याचा शब्द चालत होता, त्याच्याकडे लोक पाठ फिरवू लागले. आणि घरात त्याहून भारी घाव बसला. थोरली पत्नी रखमाबाई आधीच दम्याने खंगलेली. ती अन्नान्न करीत गेली. तिच्यामागून लहानगा संतूही गेला, असे चरित्रकार सांगतात.

यानंतर महाराजांनी काय केले? इथे आपण नशीबवान आहोत. महिपतीबाबा ताहराबादकरांनी ‘भक्तविजय’ १७६२ साली आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ साली पूर्ण केले. त्यांतून चरित्र कळते, पण ते शंभराहून अधिक वर्षांनंतरचे. त्याआधीची साक्ष खुद्द महाराजांची आहे. संतमंडळींनी विचारल्यावरून आपली हकीकत सांगणारा त्यांचा एक अभंग गाथ्यात आहे. आपले आपण सांगू नये, पण तुम्ही विचारले म्हणून शब्द पाळतो, अशा संकोचाने तो सुरू होतो. जात, व्यापार, आईबापांचा मृत्यू, दुष्काळ, बायकोचे मरण, लाज, तोट्यात चाललेला धंदा, एकापाठोपाठ एक ते सांगत जातात. अभंग पुन्हा सावकाश वाचा. त्यात ‘मग मला ज्ञान झाले’ असे कुठेही येत नाही. येतात ती लहान लहान कामे.

पहिले काम देवळाचे. विश्वंभरबाबांचे देऊळ मोडकळीस आले होते. ते पुन्हा उभे करावे असे मनात आले, एवढेच महाराज सांगतात. ज्याचे घर मोडले तो माणूस देवळाची भिंत बांधू लागतो! माती कालवायची, दगड उचलायचा, दिवस बुडेपर्यंत हात चालवायचे. मनाला उत्तर सापडत नसते तेव्हा हातांना काम लागते. विरक्तीचा मोठा विचार सुचण्याआधी महाराजांच्या हाताला माती लागली होती, हे आपण विसरतो.

१९७२ च्या दुष्काळात मी बाविशीतला होतो. आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले होते. ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता असे बागायतदार आणि त्यांच्या घरच्या लेकीसुना, सगळी माणसे मजुरांच्या हजेरीत उभी राहिली. कोणी माती वाहिली, कोणी खडी फोडली. खायला लाल मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. पहिल्या आठवड्यात बायका तोंडावर पदर ओढून पाटी उचलत. पुढे पदर मागे गेला. संध्याकाळी कामावरच हरिपाठ होऊ लागला. टाळ नव्हते, तर एकाने दोन दगडांवर ठेका धरला. ‘बरे झाले’ असे त्या वेळी कोणी म्हटले नाही, म्हणणे शोभलेही नसते. पण हात चालत होते, म्हणून माणसे उभी राहिली. राज्याने पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी हीच दुष्काळी कामे आहेत. तो तलाव अजून आहे. पाऊस झाला की त्याच्याखालच्या विहिरींना पाणी उतरते.

दुसरे काम कर्जखतांचे. ही हकीकत महिपतीबाबांनी दिली आहे आणि ती आपण नेहमी घाईने सांगतो. महाराज घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले होते. कान्होबा शोधत शोधत तिथे पोहोचले. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले आणि सावकारीच्या खतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते महाराजांनी इंद्रायणीत सोडली. कीर्तनात आपण सोडलेल्या कागदांचे वर्णन करतो आणि श्रोते माना डोलावतात. परंतु वाटे आधी झाले, ही गोष्ट त्याहून थोडीही कमी मोठी नाही. आपल्याला वैराग्य आले म्हणून धाकट्या भावाच्या हक्काचा कागद बुडवायचा अधिकार मिळत नाही, हे त्या घोर दिवसांतही महाराजांना सुटले नाही. आयुष्य पालटते तेव्हा आपण एकटेच पालटत नसतो. ज्याचे त्याला देऊन मगच आपले सोडावे.

आणि इथे जिजाईंविषयी बोलणे आले. आम्हा कीर्तनकारांना जिजाबाईंचा कजाग स्वभाव रंगवायची फार हौस. हशा हमखास मिळतो. पण हिशेब पाहा. पुण्याच्या गुळव्यांच्या खात्यापित्या घरातली मुलगी महाजनाच्या घरी सून म्हणून आली. पाहता पाहता महाजनकी गेली, सवत आणि तिचे मूल डोळ्यांसमोर गेले, उरलेली खते नवऱ्याने नदीत सोडली. महाराजांनी बदल स्वीकारला. जिजाईंना तो कोणी विचारून दिला नव्हता. तरी नवरा डोंगरावर उपाशी आहे म्हणून भाकरी घेऊन चढण चढणारी हीच बाई. आपल्या आधी त्यांनी खावे, हा तिचा नेम. तोंडाने ती देवाला बोल लावी आणि पायाने डोंगर चढे. त्या घरात भक्ती दोन प्रकारांनी नांदत होती असे मला वाटते. ज्याला आज एखाद्या मोठ्या फेरबदलाची ओढ लागली आहे, नोकरी सोडावी, गाव सोडावे, प्रपंचातून मन काढावे असे वाटते आहे, त्याने आपल्या घरातल्या जिजाईकडे एकदा पाहावे आणि मग पाऊल उचलावे.

तिसरे काम मला सगळ्यांत मोठे वाटते. महाराज सांगतात, एकादशीला कीर्तन करू लागलो, पण आधी अभ्यासात चित्त नव्हते. म्हणून संतांची वचने आदराने पाठ केली. आणि पुढे जे गात असत, त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले.

धृपद धरणे म्हणजे काय, हे टाळकऱ्याला विचारा. पुढे बुवा चरण म्हणतात, अर्थ लावतात, लोकांचे डोळे त्यांच्यावर असतात. मागचे टाळकरी प्रत्येक चरणानंतर धृपद उचलतात. त्याला स्वतःचे काही सांगायचे नसते, चाल त्याची नसते, शब्द त्याचे नसतात. बुवा दमले, श्वास घ्यायला थांबले, तरी अभंग तुटत नाही, तो या मागच्या आवाजामुळे. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. पेठेचा महाजन, ज्याच्या ओट्यावर लोक टोपी काढून उभे राहत, तो दिवाळखोर होऊन दुसऱ्याच्या मागे टाळ घेऊन उभा आहे. गावाने बोटे दाखवली असतीलच. महाराजही सांगतात की संतांच्या पायांचे तीर्थ घेताना मनात लाज येऊ दिली नाही. लाज येऊ दिली नाही असे म्हणणाऱ्याला ती दारापर्यंत आलेली ठाऊक असते.

स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा माणसाने काय करावे, याचे उत्तर इथे आहे. उसने शब्द घ्यावेत. ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ यांचे शब्द पाठ करावेत आणि दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवावा. दुःखात असलेल्या माणसाला आपण म्हणतो, ‘मन मोकळे कर, बोल.’ त्याला बोलता येत नसते. त्याला धृपद देता येते.

माझ्यापुरते सांगायचे तर सहा वर्षांपूर्वी घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. बोलणे होते, पण कीर्तनाचा गळा राहिला नाही. ज्याने उभा जन्म नारदाच्या गादीवर काढला त्याला सप्ताहाची निमंत्रणपत्रिका येते आणि तिच्यात आपले नाव नसते, तेव्हा काय वाटते ते सांगण्यात अर्थ नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राहू लागलो. गळा नाही तर टाळ वाजतो. कालपर्यंत ज्याचे उच्चार सुधारले तो पुढे चिंतन मांडतो आणि मी मागे. तिथे उभे राहिल्यावर कळले, की महाराजांच्या अभंगातला तो धृपदाचा चरण मी शेकडो वेळा सांगितला होता, पण त्यातली जागा आता मिळाली. ‘बरे झाले’ असे मी अजून म्हणत नाही. म्हणेन की नाही, तेही ठाऊक नाही. पण जागा सापडली, हे खरे.

या तीन कामांनंतर पुढच्या गोष्टी येतात. माघ शुद्ध दशमीला गुरुवारी बाबाजींचा स्वप्नात उपदेश झाला. त्यानंतर कवित्व स्फुरले. म्हणजे ज्या वाणीसाठी जग महाराजांना ओळखते, ती वाणी दुकान मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेली नाही. मध्ये भिंत बांधणे आहे, वाटे करणे आहे, पाठांतर आहे, दुसऱ्याच्या मागे उभे राहणे आहे. आणि कवित्व आले म्हणून संकट संपले असेही नाही. निषेधाचा आघात झाला, चित्त दुखावले, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज धरणे धरून बसले; तेरा दिवसांनी वह्या वर आल्या अशी आपली श्रद्धा आहे. चित्त दुखावले हे सांगायला महाराजांना कमीपणा वाटला नाही, इकडे लक्ष द्या. जगद्गुरूंना दुखले, तर आपल्याला दुखणारच.

आता ‘बरे झाले’ या अभंगाकडे वळू. तो अभंग कोणाला उद्देशून आहे? देवाला. बोलणारा कोण? ज्याचे दिवाळे निघाले, ज्याची बायको गेली, तोच. तो मागे वळून पाहतो आहे आणि आपल्या जखमा एकेक मोजून देवापुढे ठेवतो आहे. रखमाबाई गेल्या त्या रात्री पेठेतल्या कोणी ओट्यावर येऊन महाराजांना हे सांगितले असते, तर ते सांत्वन झाले असते काय? हे वाक्य ज्याचे त्याने म्हणायचे, देवाशी म्हणायचे, आणि जेव्हा आतून येईल तेव्हा म्हणायचे. दुसऱ्याच्या वतीने ते म्हणता येत नाही. जसे दुसऱ्याच्या वतीने जेवता येत नाही.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होते, याचा पुरावा गाथ्यातच आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेला, शके १५७१ मध्ये, म्हणजे १६५० साली महाराजांचे प्रयाण झाले. सगळा संप्रदाय तो दिवस बीज म्हणून उत्सवाने साजरा करतो. पण कान्होबांना त्या दिवशी उत्सव सुचला नाही. भाऊ गेल्यावर कान्होबांनी जे अभंग केले त्यांत रडणे आहे, रुसवा आहे, देवाशी उघड भांडण आहे. माझा भाऊ परत दे, असा तगादा आहे. आणि हे अभंग कोणी गाळले नाहीत. ज्या गाथ्यात थोरल्या भावाचे ‘बरे झाले’ आहे, त्याच गाथ्यात धाकट्याचे भांडण बांधलेले आहे. दोन्ही एकाच पोथीत, एकाच बासनात. वारकऱ्याला रडायची मनाई असती, तर पहिली कात्री तिथे लागली असती.

मग त्या घराचे पुढे काय झाले? महाराज गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. त्यानंतर नारायणबाबांचा जन्म झाला. या मुलाने वडील पाहिले नाहीत, त्यांचे कीर्तन ऐकले नाही. त्याच्या वाट्याला आल्या त्या आठवणी, टाळकऱ्यांच्या तोंडचे अभंग आणि वह्या. चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्यांनी हाताने लिहून राखलेल्या वह्यांमुळे ही वाणी टिकली. पुढे १६८५ साली नारायणबाबांनी एक नवी गोष्ट केली. वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या, देहूहून आळंदीला गेले, ज्ञानोबारायांच्या पादुका त्याच पालखीत घेतल्या आणि दोघांच्या नावाचा गजर करीत पंढरीची वाट धरली. वारी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पालखी नवी होती. ज्याला वडिलांचा हात धरून कधी चालता आले नाही, त्याने वडिलांच्या पादुका खांद्यावर घेऊन चालण्याची रीत घातली. आज लाखो लोक त्या रीतीने चालतात आणि ती अनादि आहे असे समजतात. एका पोरक्या मुलाने आपल्या उणिवेतून काढलेली ती वाट आहे.

नंतर तीही रीत बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींची पालखी वेगळी काढली. हैबतबाबा मूळचे शिंदे सरकारच्या पदरी असलेले सरदार. उत्तरेतून घराकडे येताना सातपुड्यात भिल्लांनी लुटले आणि डांबून ठेवले, तिथे त्यांनी हरिपाठाचा आधार घेतला, अशी कथा परंपरेत आहे. सुटल्यावर ते आळंदीचे झाले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू देऊन त्यांना हात दिला. ते अश्व अजूनही दरवर्षी अंकलीहून येतात. लष्करात राहिलेल्या या माणसाने सोहळ्याला शिस्त लावली. शिपाईगिरी सुटली, पण तिच्यातली शिस्त त्यांनी फेकून दिली नाही. ती माउलींच्या दारी वापरली. शेवटी महाद्वाराच्या पायरीशी स्वतःला जागा मागून घेतली. एका पालखीच्या दोन झाल्या तेव्हा जुन्या वारकऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आज मात्र दोन्ही पालख्यांवाचून आषाढीची कल्पना करवत नाही.

आपल्या डोळ्यांदेखत २०२० साल आले. मार्चमध्ये विठुरायाचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. १२ जूनला देहूहून तुकोबारायांचे आणि १३ जूनला आळंदीहून माउलींचे प्रस्थान मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत झाले, पण पादुका गावाबाहेर पडल्या नाहीत. दशमीला, ३० जून रोजी, त्या एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या. १ जुलैची एकादशी रिकाम्या वाळवंटात उजाडली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आमच्या दिंडीतली कितीतरी माणसे कायमची गेली. काहींच्या शेवटच्या यात्रेला चार खांदेही मिळाले नाहीत. कोणी म्हणाले, वारी मोडली. मला तसे वाटत नाही. तिथी तीच राहिली, पादुका त्याच राहिल्या, प्रस्थान झाले, एकादशी झाली. फक्त वाहन बदलले. नारायणबाबांनी पालखी काढली तीही अशीच एक नवी सोय होती. नेम कोणता आणि रीत कोणती, हे ज्याला ओळखता येते त्याला रीत बदलताना फार तुटत नाही. परंतु त्या दोन वर्षांत ज्यांची माणसे गेली त्यांना आपण ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प केले असेल, तर ते सांत्वन अजून बाकी आहे. ते आता करावे.

कसे करावे, हे वरच्या इतिहासातूनच निघते. दुःख ताजे असेल त्या घरी गेल्यावर अर्थ सांगू नये. हाताला काम द्यावे, निदान त्यांच्या हातातले काम वाटून घ्यावे: दळण आणावे, पेरणीला औत द्यावे, कचेरीतले कागद करून द्यावेत. कोणाचा वाटा बुडणार असेल तर भिडेला न पडता बोलावे. विधवा सुनेच्या नावाचा सातबारा हा तिच्या वाट्याचा कागद आहे, तो इंद्रायणीत जाऊ देऊ नये. रडणाऱ्याला रडू द्यावे आणि भांडणाऱ्याला देवाशी भांडू द्यावे, कान्होबांचे अभंग त्याच्या बाजूने आहेत. संध्याकाळी हरिपाठाला त्याला हाताला धरून न्यावे आणि पुढे बसवू नये. मागच्या रांगेत टाळ द्यावा. तो म्हणेल, मला गाता येत नाही, मन लागत नाही. महाराजांचेही आधी लागत नव्हते. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा आणि धृपद धरा. एखाद्या एकादशीला तो तुमच्या आधी उचलेल.

आणि ‘बरे झाले’? ते त्याचे आणि पांडुरंगाचे बोलणे आहे. ते कधी होईल, होईल की नाही, ते त्या दोघांवर सोडावे.

रामकृष्णहरी.